भरदिवसाचा अडसर

मी दरवाजा बोलतोय. चेन्नईत गिंडीच्या कारखान्यांच्या मागे एक अरुंद गल्ली आहे, तिथल्या दुमजली घराचा रस्त्याकडचा दरवाजा. खाली घरमालक राहतात, वर तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या. जिना आतूनच आहे, म्हणून मालक असो की भाडेकरू, सगळ्यांना माझ्यातूनच जावं-यावं लागतं. जरा हळू आवाजात बोलू या. हल्ली रस्त्यात कुणी मोठ्यानं हाक मारली तरी मला धसका बसतो.

माझं मूळ गाव कोणतं म्हणून विचाराल तर पंचाईत आहे. माझं लाकूड ब्रह्मदेशातलं सागवान. कुणा चेट्टियार व्यापाऱ्याच्या घरासाठी ते जहाजानं मद्रासला आलं. ते घर पाडलं, आणि मी जुन्या लाकडांच्या वखारीत पावसापाण्यात पडून राहिलो. तंजावरहून नोकरीसाठी आलेल्या नारायणस्वामी राव नावाच्या कारकुनानं मला तिथून उचलून आणलं. तमिळ सुतारानं मला तासून बेतात बसवलं, बिजागऱ्या तेलुगू लोहारानं घडवल्या, आणि ज्या घराला मला लावलं त्या घरात मराठी बोलत होते. एवढं सगळं मिळून मी कोण झालो, ते मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा त्याची काळजीही वाटत नव्हती.

या घरची मराठी तुमच्या मराठीसारखी नाही, हं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या माणसांची ती. तिच्यात तमिळ शब्द इतके मिसळलेत, की ऐकणाऱ्याला आधी तमिळच वाटतं. बाहेरच्या माणसाशी हे लोक चोख तमिळ बोलतात. माझ्या आत आले की मराठी सुरू होते. ती हद्द मीच.

नारायणस्वामी गेले. आता त्यांचे चिरंजीव वेंकटरमणराव आणि सूनबाई कनकाबाई, दोघंच असतात. वेंकटरमणराव एग्मोरच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यालाही चौदा वर्षं झाली. माणूस भित्रा, पण सरळ. कनकाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज अजून वर्गातल्यासारखाच आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

दोन हजार अकराच्या जनगणनेला एक तरुण शिक्षिका कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभी होती. मातृभाषा कोणती, या प्रश्नाला वेंकटरमणरावांनी ‘मराठी’ म्हणून सांगितलं. तिनं मान वर करून विचारलं, “मुंबईहून कधी आलात, सर?”

“आम्ही मुंबई पाहिलेलीसुद्धा नाही,” वेंकटरमणराव हसून म्हणाले. तीही हसली, आणि तिनं लिहून घेतलं. तिचं घरचं बोलणं तेलुगू आहे, हे तिनं जाता जाता सांगितलं. कनकाबाईंनी तिला ताक दिलं. तेव्हा अशा प्रश्नाला ताक मिळत असे.

वरच्या खोल्यांत किती तऱ्हेची माणसं राहून गेली! केरळच्या दोन नर्सबाई होत्या. रंगूनहून परत आलेला एक तमिळ म्हातारा होता. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या लाकडाला नाक लावलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. श्रीलंकेतून पळून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्या घरात कुणी कडी वाजवली की आधी दिवा मालवायचे, मग ‘कोण’ म्हणून विचारायचे. मला नवल वाटायचं. कडी म्हणजे भेटायला आलेलं माणूस, एवढंच मला ठाऊक होतं. मग नेपाळी रखवालदार आला, मणिपूरच्या मुली आल्या, आणि दोन वर्षांपूर्वी ओडिशाच्या तिघी जणी आल्या.

माणसांचे चेहरे मला नीट कळत नाहीत, पण हात कळतात. दूधवाल्याचा हात गार असतो. इस्त्रीवाल्याचा गरम, तो फक्त बोटांच्या पेरांनी वाजवतो. वेंकटरमणराव स्वतःच्या घरातही दोनदा हळूच टकटक करून येतात. ओडिशाच्या तिघींतली संयुक्ता कडी वाजवायचीच नाही. ती तळहात टेकवून नुसतं ढकलायची, कारण दिवसभर मी उघडाच असायचो. अडसर लागायचा तो फक्त निजायच्या वेळी.

संयुक्ता सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सावळी, किरकोळ अंगाची. औद्योगिक इस्टेटीतल्या एका छोट्या कारखान्यात विजेची बटणं जोडायची. तमिळ तिला शंभरेक शब्दांपुरतं यायचं, तेही बाजारातलं आणि कारखान्यातलं. कनकाबाईंना हिंदी येत नव्हती. तरी दोघींचं जमून गेलं होतं. संयुक्ता लहान मुलाला आपल्या भाषेत ‘पिला’ म्हणायची. कनकाबाई म्हणाल्या, “अगो, तमिळांत पिळ्ळै, आमच्यांत पिल्लूं. तू काहीं लांबची नव्हेस!” त्या दिवशी दोघी खूप हसल्या.

मग गल्लीत ती गोष्ट आली. कुठून आली, कुणालाच सांगता येत नव्हतं. फोनवरून आली, एवढं खरं. उत्तरेकडची एक टोळी शहरात शिरली आहे, बायका पुढे असतात, एकटं मूल दिसलं की उचलतात, असा निरोप होता. त्यासोबत एक चित्रफीत होती. ती कुठली, कधीची, कुणी विचारलं नाही. चहाच्या टपरीवर ती लावायचे, तिच्यातलं मुलाचं किंचाळणं माझ्यापर्यंत यायचं. चार दिवस तेच. संध्याकाळी खेळणारी मुलं आयांनी आत घेतली. परक्या तोंडवळ्याचं कुणी गेलं की बोलणी थांबायची. लोक हळूच म्हणायचे, ‘वडक्कन.’ म्हणजे उत्तरेकडचा. पूर्वी हा शब्द नुसता पत्ता सांगण्यासारखा होता. त्या चार दिवसांत तो वेगळ्या तऱ्हेनं उच्चारला जाऊ लागला.

वेंकटरमणरावांच्या फोनवरही ती चित्रफीत आली. ते माझ्यापाशी उभे राहून म्हणाले, “कनका, त्या पोरींस सांग, थोडे दिवस बाहेर हिंडूं नका म्हणून.”

“त्या कामाला जातात, हिंडायला नव्हे,” कनकाबाई म्हणाल्या. पण मी पाहिलं, त्या दिवशी संयुक्ता कामावरून येईपर्यंत त्या दोनदा उंबऱ्यावर येऊन गेल्या.

रविवार होता. चारचा सुमार. संयुक्ताच्या दोघी मैत्रिणी बसनं चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्र बघायला गेल्या होत्या. संयुक्ता कपडे धुऊन साबण आणायला बाहेर पडली होती. मी नेहमीसारखा उघडा होतो. कनकाबाई उंबऱ्यावर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या.

आधी पळण्याचा आवाज आला, अनवाणी पायांचा. मग दुरून ओरडा. गल्लीच्या वळणावरून संयुक्ता धावत आली. एका पायात चप्पल नव्हती. कडेवर तीनेक वर्षांची एक मुलगी होती, तिच्या मानेला घट्ट धरून. मागून पंचवीस-तीस माणसं येत होती.

कनकाबाई उठल्या. पाल्याची परडी उंबऱ्यावर सांडली. त्यांनी संयुक्ताला दंडाला धरून आत ओढलं, मला जोरात लोटलं, कडी घातली, आणि भिंतीला टेकवलेला अडसर उचलून आडवा टाकला. माझ्या आयुष्यात भर उजेडात तो पहिल्यांदा पडला.

पुढच्याच क्षणी पहिला धक्का बसला.

“कदवै तिर!” बाहेरून ओरडले. दार उघड! “पोर चोरलंय तिनं! बाहेर काढा तिला!”

एक हात, दोन हात, मग मोजता येईनात. मुठी, लाथा, एक दगडही. दगडाची मला एवढी भीती वाटली नाही. पण त्या हातांमध्ये एक गार हात होता. आणि एक गरम हात होता, जो आजवर फक्त पेरांनी वाजवत आला होता. आज तो पंजा उघडून मारत होता. ओळखीच्या हातानं मार बसतो तेव्हा लाकूडसुद्धा आतून शहारतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आत कनकाबाई संयुक्ताकडे वळल्या. त्यांचा श्वास चढला होता. घाबरल्या म्हणजे त्यांना तमिळ सुचत नाही.

“तें पोर कोठचें? कोणाचें? सांग मजला!”

संयुक्ताचे ओठ हलत होते, पण शब्द निघत नव्हते. शंभर तमिळ शब्दांपैकी एकही हाताशी येईना. शेवटी ती आपल्याच भाषेत बोलली, “पिला… बाटरे… कान्दुथिला…” एका हातानं तिनं डोळ्यांतून पाणी गळल्याची खूण केली. मग मोठ्या रस्त्याच्या दिशेनं बोट केलं, आणि बस येते तसा हात जोरात फिरवून दाखवला.

कनकाबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. तो क्षण मी विसरणार नाही. त्यांच्या डोळ्यांतही शंका येऊन गेली. चार दिवस ऐकलेलं सगळं त्यांच्याही कानात होतंच. मग त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. मुलगी रडत नव्हती, भीतीनं गप्प झाली होती, आणि तिनं संयुक्ताची ओढणी दोन्ही मुठींत पकडली होती. चोरून आणलेलं मूल चोराला असं धरत नाही.

“रस्त्यावर एकटें रडत होतें. बसखालीं जाईल म्हणून उचललेंस. होय कीं नाहीं?”

किती कळलं कोण जाणे, पण संयुक्तानं जोरजोरात मान हलवली.

तोवर वेंकटरमणराव आतल्या खोलीतून आले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कनका, पोर देऊन टाक त्यांना. तीसही जाऊं दे बाहेर. काय तें तीच सांगेल. आपल्यास या गल्लींत राहायचें आहे.”

“ती काय सांगेल? तिला बोलूं देतील ते?”

“आपलें कोण आहे इथें? हे आंत आले तर?”

कनकाबाई वळल्या. त्या माझ्याजवळ आल्या, तोंड फटीपाशी नेलं आणि वर्गातल्या आवाजात तमिळमध्ये म्हणाल्या, “ऐका! मूल सुखरूप आहे. तिच्या आईला बोलवा. आई आली की मी स्वतः दार उघडीन. दुसऱ्या कुणालाही उघडणार नाही.”

मग एक आवाज आला. तरुण होता, मला अनोळखी. “तुम्ही तिचीच बाजू घेणार! तुम्ही तरी कुठे इथल्या? घरात दुसरीच भाषा बोलता, ठाऊक आहे आम्हाला!”

कनकाबाईंचा हात माझ्यावर टेकलेला होता. तो एकदम सैल पडला. या शहरात जन्मलेली ती बाई, याच गल्लीतल्या निम्म्या मुलांना पाढे शिकवलेली. मला वाटलं, तीनशे वर्षं पुरेशी नसतील, तर किती लागतात?

वेंकटरमणराव फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते. जीभ अडखळत होती, घराचा नंबर दोनदा चुकला. “येतो म्हणाले,” ते म्हणाले, पण कधी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

धक्के पुन्हा सुरू झाले. सगळे मधोमध मारत होते. तिथं मी जाड आहे, तिथं मी सहज टिकलो असतो. पण एवढ्यात खाली, बिजागरीच्या बाजूला, काहीतरी गार टोकदार शिरलं.

पहार होती.

त्या जागी चौकट वाळवीनं पोखरली होती. आदल्या वर्षी तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवला होता, वर फटी बुजवणारी लांबी भरून रंग दिला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो सांधा दिसतच नाही. तो ठाऊक होता फक्त बसवणाऱ्याला. मुरलीला. मुरली आमच्या गल्लीतला सुतार. त्याचा हात मला सगळ्यांत जास्त ओळखीचा, कारण त्यानं मला रंधा मारलाय, तेल चोळलंय, माझ्या भेगा भरल्यात. तो ओरडत नव्हता. एक शब्दही बोलत नव्हता. नेमक्या जागी पहार घालून नेमका जोर देत होता.

मला ओरडता आलं असतं तर मी त्याचं नाव घेतलं असतं. मी फक्त करकरलो. पहिला स्क्रू उपटला. दुसरा अर्धा बाहेर आला. खालच्या बाजूनं बोटभर उजेड आत पडला, आणि त्या उजेडात संयुक्ताला आपल्याकडे येणारं लोखंड दिसलं. ती मुलीला पोटाशी धरून जिन्याखालच्या कोपऱ्यात सरकली आणि तिनं त्या लहानगीचे डोळे आपल्या हातानं झाकले.

आणि तेव्हा वेंकटरमणराव आले. मघापासून ‘देऊन टाक’ म्हणणारे. त्यांनी फोन खाटेवर टाकला, वळले, आणि आपली पाठ मला लावून उभे राहिले. टाचा जमिनीत रोवल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा देह, वजन ते किती! बाहेरून तीस माणसं ढकलत होती आणि आतून ती हडकुळी पाठ. ती थरथरत होती. पण हलली नाही. मग कनकाबाई शेजारी येऊन तशाच उभ्या राहिल्या. मी दोघांच्या पाठींचे ठोके ऐकत होतो. कुणाचे कुठले, कळत नव्हतं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला.

मग गर्दीच्या मागून एका बाईचा आवाज आला. ओरडा नव्हता तो, हंबरडा होता. “दिव्या! दिव्यश्री!”

जिन्याखालून ती मुलगी पहिल्यांदा बोलली. “अम्मा!” आणि मग तिनं असं भोकाड पसरलं, की बाहेरचे हात आपोआप थांबले.

“आई आहात का तुम्ही? नाव सांगा,” कनकाबाई फटीतून म्हणाल्या.

“हेमलता. मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलो आम्ही. पाण्याच्या टँकरला रांगेत उभी होते, मागे वळून बघते तर ही नाही… अम्मा, माझं मूल द्या!”

अडसर काढला. पण मी पूर्ण उघडेना. खालची बिजागरी निखळून मी तिरका झालो होतो, फरशीत अडकलो होतो. हातभर फट पडली तेवढीच. संयुक्ता पुढे आली. तिनं मुलीला उचलून त्या फटीतून बाहेर दिलं. मुलगी आईकडे झेपावली, पण एका मुठीत ओढणी तशीच होती. ती कनकाबाईंनी हळूच सोडवली.

हेमलतानं मुलीला छातीशी घट्ट आवळलं. संयुक्ताकडे तिनं पाहिलंही नाही. रडत रडत गर्दीतून वाट काढत निघून गेली. गर्दीला काय करावं ते कळेना. कुणी म्हणालं, मिळालं ना मूल, चला. कुणी म्हणालं, आम्हाला काय ठाऊक. माझ्यासमोर चुरगळलेला शेवग्याचा पाला तेवढा राहिला.

पोलीस त्यानंतर आले. एक मोठे साहेब, एक हाताखालचा पोलीस. त्यांनी माझी मोडलेली बिजागरी पाहिली, आणि मग संयुक्ताला विचारायला लागले. गाव कोणतं, कधीपासून इथे, कार्ड दाखव, वर किती जणी राहता, घरमालकांनी माहिती दिली होती का.

“साहेब, तिनं मूल वाचवलं,” कनकाबाई म्हणाल्या.

“ते कळलं, अम्मा. पण नोंद घ्यावी लागते.” ढकलणाऱ्या तीस जणांपैकी एकाचंही नाव त्यांनी लिहिलं नाही. लिहिली ती तिघींची नावं. संयुक्तानं कार्ड पुढे केलं, हाताखालच्या पोलिसानं ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.

ते गेल्यावर वेंकटरमणराव खाटेवर बसले आणि म्हणाले, “पुढें वर आपलींच माणसें ठेवूं, कनका.”

“आपलीं म्हणजे कोणचीं?”

बराच वेळ ते माझ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनकाबाईंनी मुरलीला बोलावणं पाठवलं. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. माझ्यावर हात ठेवताना क्षणभर थांबला. मी लाकूड आहे, मागे सरकता येत नाही.

तो कामाला लागला. फुटलेला तुकडा काढला, नवा मापून कापला. कनकाबाईंनी पेल्यात कॉफी आणून ठेवली आणि म्हणाल्या, “काल तू गल्लीत नव्हतास बहुतेक. असतास तर अडवलं असतंस त्यांना.”

मुरलीची पटाशी थांबली. कॉफीवर साय धरली तरी त्यानं पेला उचलला नाही.

“मी होतो, अम्मा.”

कनकाबाईंना कळलं नाही. “होतास?”

“पहार माझी होती.” तो मान खाली घालून बोलत होता. “मला ठाऊक होतं कुठे कच्चं आहे. मीच बसवलं होतं. माझ्या दोन मुली आहेत, अम्मा. चार दिवस ती चित्रफीत बघतोय. झोपेत ते किंचाळणं ऐकू येतं. लोक म्हणाले पोर आत कोंडलंय… माझे हात चालायला लागले.”

“आणि दार मोडलं असतं तर? त्या पोरीचं काय झालं असतं?”

मुरलीनं पटाशी खाली ठेवली.

“माझं? यांचं?”

तो खाली बघत भुशात बोट फिरवत राहिला. कनकाबाईंनी न प्यालेला पेला उचलला. मग म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग. वर जा. तिला सांग.”

तो जिना चढून गेला. मी वरचं नीट पाहू शकत नाही, पण ऐकू आलं. संयुक्ताच्या खोलीची कडी वाजली. तिनं दार किलकिलं केलं असावं. तो तमिळमध्ये बोलत होता, मध्येच थांबत होता. तिला शब्द कळले नसतील. पण तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं असेल आणि ओळखलं असेल. तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. बहुधा ट्रंक.

मुरली खाली आला. त्यानं काम पुरं केलं. नवा तुकडा पूर्वीपेक्षा जाड घातला, आणि कुणी न सांगता आतून लोखंडी पट्टी ठोकली. पिशवी उचलून गेला. तेव्हापासून तो गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालतो.

तिसऱ्या दिवशी त्या तिघी गेल्या. दोघी ओडिशाला, कायमच्या. संयुक्ता कुठे गेली ते तिनं सांगितलं, पण कनकाबाईंना गावाचं नाव नीट कळलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली. जाताना माझ्यावर तळहात टेकला नाही. बोटांनी, चटका बसावा तशी, कडेला धरून बाहेर पडली.

पाचव्या दिवशी हेमलता आली. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हाताला मुलगी. “त्या वेळी मला काही सुचलं नाही, अम्मा. त्या ताईंना भेटायचंय.”

“वर कुणी नाही,” कनकाबाई म्हणाल्या. हेमलता केळी घेऊन माझ्यासमोर तशीच उभी राहिली. मग ती उंबऱ्यावर ठेवून गेली.

दोन महिने वरच्या खोल्या रिकाम्या होत्या. कनकाबाई आता भरदिवसाही अडसर घालायच्या. भाडेकरू आणणारा माणूस फोन करून विचारायचा, कुठले लोक चालतील. वेंकटरमणराव उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि फोन कनकाबाईंकडे द्यायचे. दूधवाला अजून येतो. इस्त्रीवालाही येतो, पेरांनी वाजवतो, हसून बोलतो. कनकाबाईंना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. दर वेळी तो गरम हात जवळ आला की माझ्या रेषा आखडतात, आणि मला ते कुणाला सांगता येत नाही.

काल दुपारी माझ्याबाहेर पावलं थांबली. कडी वाजली नाही. कुणीतरी अगदी जवळ उभं होतं, श्वास माझ्या लाकडाला लागत होता. हात वर आला आणि खाली गेला. पुन्हा वर आला, पुन्हा खाली.

आत कनकाबाईंनीही पावलं ऐकली होती. त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हात अडसरावर होता. दोन बायका, मध्ये मी, आणि दोघींचा श्वास एकमेकींना ऐकू जात होता. एकीला वाटत होतं आत कोण असेल, दुसरीला वाटत होतं बाहेर कोण असेल.

शेवटी कनकाबाईंनी विचारलं, “यारु?” कोण? तो वर्गातला आवाज नव्हता. मला आधी ओळखूच आला नाही.

बाहेरून बारीक आवाज आला, “मुँ… संयुक्ता.” मी.

अडसर निघाला. ती बॅग घेऊन आत आली. त्या गावात काम मिळालं नव्हतं, म्हणून जुन्या कारखान्यात पुन्हा यायचं होतं. एवढं तिनं मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. कनकाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ‘आधी जेव’ म्हणाल्या. वेंकटरमणराव उठून वरच्या खोलीची किल्ली शोधायला लागले.

मला बरं वाटलं. पण लगेच संयुक्ता वळली. तिनं स्वतः माझी कडी लावली, आणि दोन्ही हातांनी उचलून अडसर आडवा घातला. मग तो हलवून पाहिला. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. कनकाबाई तिला ‘असू दे उघडं’ म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या पानं वाढायला आत गेल्या.

आता मी असाच असतो, सकाळपासून बंद. या शहरात रोज कुठून कुठून माणसं येतात, माझ्यासारखे हजारो दरवाजे त्यांच्यासाठी उघडतात किंवा उघडत नाहीत. त्याचा हिशेब मला झेपत नाही. माझं मागणं लहान आहे. तुम्ही आमच्या गल्लीत आलात, माझ्यासमोर उभे राहिलात, तर कडीला हात लावायच्या आधी आपलं नाव सांगा. कोणत्याही भाषेत सांगा. पण हळू सांगा. आत तीन माणसं जेवायला बसली आहेत, आणि तिघांचेही कान माझ्याकडे लागलेले आहेत.